अठराव्या वर्षानंतर
चंद्रपूर-गडचिरोलीत अपंगांच्या पुनर्वसनाची सुरुवात शाळेतून नव्हे, कामातून झाली. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले ते कुष्ठरुग्णांच्याच हातांनी: आधी विहीर नि शेती, पुढे हातमाग. प्रौढ माणसाला मान मिळतो तो कामातून, हे त्यामागचे गृहीत. स्वमग्न तरुणांच्या पालकांना मात्र तेवढे पुरत नाही. ‘आमच्यामागे याचे काय?’ या त्यांच्या प्रश्नाला कायदा उशिराच भिडला. १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. अठराव्या वर्षानंतरच्या पालकत्वाची सोय १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने केली.

कोणी म्हणेल, जंगलपट्टीत कायदा कशाला? मोहफुले वेचायला, तेंदूपत्त्याचे पुडके बांधायला घर अशा मुलाला सामावून घेतेच. हे अर्धेच खरे. पहाटे झाडाखाली एकेक फूल टोपलीत टाकण्याचे शांत, ठरावीक काम काहींना छान जमेलही. पण तो हंगाम उन्हाळ्यापुरता. आईवडील गेल्यावर शेताच्या कागदावर, बँकेत सही कोण करणार? पालकत्वाचा अर्ज जातो जिल्हाधिकारी ज्यात असतात त्या स्थानिक समितीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी; आणि भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब. ही समिती अधूनमधून भामरागडला जवळच्या अहेरीत बसवायला नवा कायदा लागत नाही.