प्लॅटिनमवाचूनचा हायड्रोजन

इ. स. १८०० मध्ये, व्होल्टाच्या विद्युत्-स्तंभाची वार्ता लंडनास येऊन थोडेच दिवस झाले असता, निकल्सन आणि कार्लाइल या दोघा संशोधकांनी पितळी तारा पाण्यात बुडवून प्रवाह सोडला, तेव्हा एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे उठले आणि दुसरी तार गंजत चालली. प्लॅटिनमच्या तारा योजल्यावर मात्र एकीकडे हायड्रोजन व दुसरीकडे प्राणवायू असे दोन वायू निर्वेध निघू लागले. प्रयोगशाळेत प्लॅटिनमचा मान कायम झाला तो असा. परंतु कारखानदाराच्या जमाखर्चात हा धातू क्वचितच बसला, हे मौल्यवान धातूंवाचूनच्या उत्प्रेरकांचा शोध अगदी अलीकडचा मानणारे विसरतात.

अम्लात लोखंड आणि निकेल विरघळतात, पण दाहक पोटॅशच्या द्रावणात त्यांचा निभाव लागतो, एवढ्या एका सोयीवर पाण्यातून हायड्रोजन काढण्याचा सबंध धंदा उभा राहिला. नॉर्वेतील र्‍यूकान येथे धबधब्याच्या स्वस्त विजेवर नॉर्स्क हायड्रो कंपनी १९२९ पासून खतासाठी पाण्यातून हायड्रोजन काढू लागली. भाक्रा धरणाच्या विजेवर असाच नंगलचा खत कारखाना १९६१ साली चालू झाला, आणि त्याच्याच जोडीने १९६२ साली आपल्या देशातील जड पाण्याचा पहिला कारखानाही. तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरावेत तेथे असल्या यंत्रांना सुमारे २ व्होल्ट लागत, म्हणजे धातूत वाचविलेला पैसा विजेपायी जाई.

ती उधळपट्टी आवरण्याचा एक इलाज तेलाच्या धंद्यातून आला. अमेरिकेत मरे रेनी याने निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूतील ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने काढून टाकून सच्छिद्र निकेल मिळविले आणि १९२७ साली त्याचे पेटंट घेतले. वनस्पती तुपासारख्या पदार्थांसाठी तेल गोठविणारे हे निकेलच पुढे पाणी फोडणाऱ्या यंत्रांच्या विद्युदग्रांवर चढले. मोठ्या शोधांना असल्या सामान्य कुळाची लाज नसते, हे बरेच आहे.

प्राणवायूच्या बाजूची कथा याहून विलक्षण आहे. निकेलच्या घटात लोहाचा अंश शिरला की प्राणवायू वेळेआधी सुटून भरणी वाया जाते, म्हणून बॅटरीवाले लोहास विषासमान लेखीत. परंतु पाणी फोडणाऱ्यास नेमके तेच हवे असते, आणि १९८७ साली कॉरिगन नावाच्या संशोधकाने दाखवून दिले की अत्यल्प लोहानेही निकेलचे काम कितीतरी सुकर होते. पुढे २०१४ साली ऑरेगॉन विद्यापीठातील बॉचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटॅशमधील लोहाचा कण न् कण उपसून पाहिला, तो निकेल अगदीच मंद ठरले. आणि शुद्ध निकेलच्या नावे आजवर जमा असलेले बरेचसे श्रेय लोहाच्या खाती वर्ग करावे लागले.