पुस्तकाची बैठक

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. म्हणाली, "मामू, सावंतवाडीच्या एखाद्या सुताराकडून मला एक वस्तू करून पाठव. टबात बसून पुस्तक वाचायला काहीतरी ठेवणं हवं." नोकरी, मुलं, घर यांतून तिला स्वतःचा असा अर्धाच तास मिळतो, तोही रात्री कोमट पाण्याच्या टबात. बाजारातली दोन ठेवणी तिने वापरून पाहिली होती. एकावर पुस्तक आपोआप मिटायचं, दुसऱ्यावरून घसरायचं. ग्रंथालयाचं एक पुस्तक असंच पाण्यात पडलं आणि तिला त्याची भरपाई द्यावी लागली.

मला आधी हसूच आलं. आमच्या मालवण किनाऱ्यावरच्या घरात टब कुठला? न्हाणीत तांब्याचं भाणं, खाली पेटलेली चुडतं आणि बसायला दगड. चार तांबे अंगावर घेतले की माणूस बाहेर. तिथे पुस्तक नेणाऱ्याला घरच्यांनी वेड्यातच काढलं असतं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, पोरगी विचारते तो प्रश्न फार जुना आहे. वाचताना पुस्तक धरायचं कोणी? हाताने की लाकडाने?

आपल्याकडे जुन्या पोथीला हा प्रश्न फारसा पडला नाही. पोथीची पानं सुटी, आडवी, लांबट. वरखाली दोन फळ्या आणि भोवती कापडाचं बासन. बासन सोडायचं, पोथी चौरंगावर ठेवायची आणि वाचलेलं पान उचलून पालथं घालायचं. सुटं पान मिटत नाही, त्यामुळे सपाट चौरंग पुरतो. पुराण सांगणाऱ्याचं आसन ते व्यासपीठ. ज्ञानेश्वरीच्या पारायणात आजही व्यासपीठ चालवणारा असतो. आपण मात्र तो शब्द भाषणाच्या मंचाला देऊन टाकला. हल्ली व्यासपीठावर पाहुणे असतात, हारतुरे असतात, पुस्तक असेलच असं नाही.

शिवलेल्या, बांधलेल्या पुस्तकाचं तसं नाही. त्याला पाठीचा कणा असतो. सपाट उघडलं तर कणा ताणतो, शिवण सैल होते, पानं सुटतात. मोकळं सोडलं तर ते मिटतं. त्याला दोन्ही बाजूंनी आधार हवा आणि मध्ये खोलगट जागा हवी. जुनी पुस्तकं मांडताना संग्रहालयंही त्यांना असाच उतरता आधार देतात. हे ज्या वस्तूने शेकडो वर्षांपूर्वी ओळखलं, ती आमच्या घराघरात खुंटीला टांगलेली असते. तिचं नाव रेहल. मूळ अरबी शब्द 'रहल', म्हणजे उंटाचं खोगीर. उघडलेली रेहल समोरून पाहिली की नाव का पडलं ते समजतं.

रेहलीची खरी गंमत तिच्या सांध्यात आहे. अस्सल रेहल एकाच फळीची. तिला खिळा नाही, बिजागरी नाही, सरस नाही. फळीच्या मधोमध नाही, जरा खालच्या बाजूला, आडवी रेघ मारायची. त्या रेघेवर एकाआड एक खाचा पाडायच्या, काही पुढून, काही मागून, प्रत्येक निम्म्या जाडीपर्यंत. मग दोन्ही टोकांकडून फळी तिच्या जाडीतून करवतीने चिरत सांध्यापर्यंत आणायची. वरची पुढची बाजू मागच्या पायाला आणि वरची मागची बाजू पुढच्या पायाला जोडलेली राहते. अलगद ओढली की फळी फुलीसारखी उघडते, मिटली की पुन्हा फळी. एक खाच चुकली तर सगळं लाकूड वाया.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशी एक जुनी रेहल आहे. हसन बिन सुलेमान इस्फहानी या कारागिराने ती एका मदरशासाठी केली. तिच्यावर हिजरी 761, म्हणजे इसवी सन 1360 हे साल कोरलेलं आहे. ती सागवानी आहे. इराणात किंवा मध्य आशियात साग उगवत नाही. लाकूड हिंदुस्थान-ब्रह्मदेशाच्या बाजूनेच गेलेलं असणार. आपल्याकडच्या जंगलातलं झाड समुद्र ओलांडून पुस्तकाखाली जाऊन बसलं, या विचाराने मला उगाचच आनंद होतो.

युरोपातही डोकी चालली. 1588 साली आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन इंजिनिअरने आपल्या यंत्रांच्या ग्रंथात पुस्तकांचं एक मोठं चाक दाखवलं. एका जागी बसून चाक फिरवायचं की पुढचं उघडं पुस्तक समोर. आणि टबाचंच म्हणाल, तर फ्रेंच क्रांतीतला मारा चर्मरोगामुळे टबात बसून काम करी, आडव्या फळीवर कागद ठेवून. 13 जुलै 1793 रोजी शार्लोत कोर्देने त्याला तिथेच भोसकलं. दाविदने त्याच वर्षी काढलेल्या चित्रात ती फळी आणि त्याच्या हातातला कागद आजही दिसतो.

पाण्याची भीती आपल्या लेखकूंनाही होतीच. पोथीच्या शेवटी ते वाचणाऱ्याला विनवीत, तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधणीपासून सांभाळा. लिहिताना पाठ, कंबर आणि मान मोडली आहे, याचीही आठवण देत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या आमच्या जिल्ह्यात ही विनवणी वेगळी समजवावी लागत नाही. आषाढात कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो.

आता घरची गोष्ट. लहानपणी आमच्या घरी एकच रेहल होती, कुराणाची. तिच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही, हा नियम. आठवी-नववीत असताना मी वाचनालयातून एक जाडजूड मराठी कादंबरी आणली. हात भरून आले म्हणून दुपारी गुपचूप ती रेहलीवर ठेवून वाचत बसलो. आईने पाहिलं. आता मार बसणार असं वाटलं. तिने कादंबरी उचलली, पदराने पुसली, माझ्या हातात दिली आणि रेहल खुंटीला टांगली. बोलली काहीच नाही. महिन्याभराने सुतार फणसाच्या लाकडाची नवी रेहल घेऊन आला. आई म्हणाली, "ही तुझी. हिच्यावर तुझी मराठी पुस्तकं ठेव." तिला मराठी वाचता येत नव्हतं. पण कुराणाचा मानही राहावा आणि मुलाचं वाचनही थांबू नये, हे तिने तीन-चार रुपयांच्या लाकडात जमवलं होतं. पुढे बी. ए.चा अभ्यास त्याच रेहलीवर झाला. पहिली छापील कविता मी तिच्यावरच उघडून आईला वाचून दाखवली.

तीच रेहल घेऊन मी सावंतवाडीला गेलो. हल्ली बाजारात मिळतात त्या बऱ्याचशा बिजागरीच्या, नाहीतर प्लॅस्टिकच्या. सुतार तरुण होता. त्याने रेहल दहा वेळा उघडली, मिटली, उजेडाला धरली. म्हणाला, "फणस नको. पाण्याकडे ऱ्हवाचा तर सागच होयो." पहिली फळी सांध्यात फुटली. त्याने पैसे मागितले नाहीत, दुसरी घेतली. दुसरी साधली. टबावर आडवी बसेल अशी एक लांब पट्टी, तिला दोन खोबणी आणि खोबणीत उभी राहणारी छोटी रेहल.

भाचीने आईचीच रेहल मागितली असती तर मी काय केलं असतं, कोण जाणे. तिने मागितली नाही. पार्सल पोचल्यावर चार दिवसांनी तिचा निरोप आला, "मामू, पुस्तक मिटलं नाही आणि घसरलंही नाही. वाचता वाचता पाणी मात्र कधी गार झालं, कळलंच नाही."