पाळणाघर ही मेहरबानी नाही : बाळागोळीपासून अंगणवाडीपर्यंत

मूल सांभाळणे हा आईचा खासगी प्रश्न आहे, असे आपल्याला सांगितले जाते. हे सांगणाऱ्या वर्गाने स्वतःची मुले मात्र कायम दुसऱ्या बायांकडून सांभाळून घेतली. त्या बायांची मुले तेव्हा कुठे होती? शेताच्या बांधावर, नाहीतर शाळा सोडलेल्या मोठ्या बहिणीच्या कडेवर.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास याहून भीषण आहे. पाळी संपेपर्यंत मूल झोपून राहावे म्हणून आया त्याला अफूची बाळागोळी देत. त्या आया निर्दय नव्हत्या. मजुरी बुडवणे परवडत नव्हते आणि मूल ठेवायला जागा नव्हती. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणातली विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न आहे, त्याचा भार एकट्या बाईवर टाकता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना खाणींतील पाळणाघरांचा विषयही केंद्रीय विधिमंडळात आला. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आली.

पण यातली पळवाट बघा. कायदा फक्त बायका मोजत होता. म्हणजे बायकांची संख्या तिसाच्या पुढे जाऊ दिली नाही की मालक सुटला! २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ही मेख काढली. पुरुष-स्त्री मिळून ५० कर्मचारी असले तरी पाळणाघर द्यावे लागेल आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येईल, असे ठरले. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

दुसरी वाट अंगणाची. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा अस्पृश्य आणि गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी लागली. अंगणवाडीचा उगम तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पण तीस वर्षांनंतरही अंगणवाडी गावात आणि आपली वस्ती गावाबाहेर, हे चित्र बदलले नव्हते. म्हणून १३ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला : नव्या अंगणवाड्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या, आणि सहा वर्षांखालची किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्या. सोय कुठल्या दारात उभी राहते, हे या देशात जात ठरवते. नाहीतर न्यायालयाला हे सांगावे लागले नसते.

आता आपल्या चितेगावकडे या. पैठण रोडवर कारखाने आहेत, वाळूजची एमआयडीसी जवळ आहे. कामाला जाणाऱ्या आईसमोर चार पर्याय असतात. अंगणवाडी मोफत आहे, पण ती काही तासांचीच, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला तिथून मुख्यतः घरी न्यायचा आहार मिळतो. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत सहा महिने ते सहा वर्षांची मुले दिवसभर ठेवता येतात, पण अशी केंद्रे मोजकीच. तिसरे कारखान्याचे पाळणाघर. तिथे एकच प्रश्न विचारा : ५० चा आकडा मोजताना कंत्राटदाराकडून आलेले कामगार धरले का? जुन्या कारखाने कायद्याच्या व्याख्येतही ते कामगारच होते. चौथे खासगी पाळणाघर. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळे उघड झाली. म्हणून फलक आणि फी बघून मूल ठेवू नका. एका बाईकडे किती मुले आहेत ते मोजा. सरकारी योजनेत २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असते, हे माप लक्षात ठेवा. न सांगता गेलो तर आत येऊ देतात का? सगळी मुले एका पंगतीत जेवतात का? जिथे आपल्या लेकराचे ताट वेगळे, तिथे बाकी सगळे चांगले असले तरी ती जागा आपली नाही.

धुणीभांडी करणारी, शेतमजूर, कचरा वेचणारी आई मात्र ५० च्या कुठल्याच आकड्यात बसत नाही. तिच्यासाठी निवडीचा प्रश्नच नाही, आधी सोय हवी. ती जयंतीच्या वर्गणीतून उभी राहणार नाही आणि कुणाच्या दानातूनही नाही. मित्रांनो, वस्तीतल्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करा. ४० भरली तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी मागणी द्या, पोच घ्या, ग्रामसभेत ठराव मांडा. अंगणवाडी आधीच असेल तर ती दिवसभर चालणारे पाळणाघर व्हावी म्हणून मागणी करा. एक पाळणाघर उभे राहिले की दोन मुली वाचतात : आत खेळणारी, आणि तिला कडेवर घ्यायला शाळा सोडावी न लागणारी तिची बहीण.

जय भीम!