औषध-आवेष्टन, बालसुरक्षित

लहान मुलांना सहजी उघडता येऊ नये, परंतु प्रौढांना विशेष सायास न पडता उघडता यावे, अशा रीतीने केलेले औषधाचे वेष्टन. ते मुलास कधीच उघडता येत नाही, हा समज चुकीचा आहे. उघडण्यास लागणारा विलंब हेच त्याचे खरे संरक्षण होय.

कॅनडातील विंझर येथील बालरोगतज्ञ आंरी ब्रो यांच्या प्रयत्नांमुळे तळव्याने दाबून फिरवावयाचे झाकण १९६७ मध्ये प्रचारात आले. दाबणे व फिरविणे या क्रिया एकाच वेळी करणे लहान मुलास साधत नाही, हे त्यामागील तत्त्व. अमेरिकेने १९७० मध्ये कायदा करून अशा वेष्टनांची सक्ती आणली. तेथील चाचणी मोठी मार्मिक आहे : ४२ ते ५१ महिने वयाच्या मुलांना वेष्टन पाच मिनिटे देतात, मग ते उघडून दाखवितात व पुन्हा पाच मिनिटे देतात; दात लावण्यासही मुभा असते. प्रात्यक्षिकापूर्वी किमान ८५ टक्के व अखेरीस ८० टक्के मुलांना ते उघडता येता कामा नये. आखडलेल्या बोटांची वृद्ध माणसे झाकण उघडेच ठेवीत. म्हणून १९९५ मध्ये ५० ते ७० वयाच्या व्यक्तींवरील चाचणीही आवश्यक ठरली. ब्रिटनच्या १९७५ च्या नियमांनी ॲस्पिरीन व पॅरासिटॅमॉल यांसाठी अपारदर्शक पट्ट्यांनाही मान्यता दिली.

भारतातील १९४५ चे औषध नियम लेबलावरील मजकुराबाबत काटेकोर आहेत. मुलांवर घ्यावयाच्या चाचणीची अमेरिकेसारखी सर्वसाधारण सक्ती मात्र त्यांत नाही. अक्षरओळख नसलेल्या मुलास छापील इशाऱ्याचा उपयोग नाही. औषधे कुलपात ठेवावीत, हा सल्लाही सर्वत्र लागू पडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील सोनईजवळच्या शनिशिंगणापुरात तर घरांना दारे व कुलुपे न लावण्याची परंपराच प्रसिद्ध आहे.

रक्तक्षयावरील लोहाच्या गोळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गंभीर होतो. गर्भवतींना द्यावयाची शर्करावेष्टित तांबडी गोळी मुलास खाऊसारखी भासते. तीत ६० मिग्रॅ. लोह असते, १० किग्रॅ. वजनाच्या बालकाने अशा दहा गोळ्या गिळल्यास प्रतिकिग्रॅ. ६० मिग्रॅ. लोह पोटात जाते व तीव्र विषबाधेची मर्यादा गाठली जाते. पाच वर्षांखालील बालकांचे पातळ लोहौषध मात्र २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार, एका वेळी १ मिलि. मात्रा मोजून देणाऱ्या ५० मिलि.च्या बाटलीत देण्याची योजना आहे. ती मात्रा अचूक राखण्यासाठी आहे.