लास्ट सीन : जुलै १८४५

आजच्या भागात एका मुलीची गोष्ट सांगतो. तिच्या बाबांवर ढीगभर पुस्तकं आहेत, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. तिचं नाव एलिनॉर. बाबा म्हणजे ब्रिटिश नौदलातले सर जॉन फ्रँकलिन.

एलिनॉरचा जन्म जून १८२४ चा. ती आठ महिन्यांची असताना बाबा उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ किनाऱ्याचा नकाशा करायला निघाले. आठवड्याभरातच आई क्षयानं गेली. बाबांना ते कळलं दोनेक महिन्यांनी, कॅनडात, पत्रातून. लेक आत्याकडे वाढली. बाबा १८२७ मध्ये परतले तेव्हा ती तीन वर्षांची होती. १८३० मध्ये बाबा परत समुद्रावर, या वेळी भूमध्य समुद्रात, तीनेक वर्षं. म्हणजे वाट बघणं तिला लहानपणापासून सवयीचं.

मग आला मे १८४५. बाबांचं वय ५९. ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं आणि तीन वर्षांचा शिधा. काम एकच, बर्फातून पॅसिफिकला निघणारा नॉर्थवेस्ट पॅसेज शोधायचा. निघताना एक कबुतर डोलकाठीवर येऊन बसलं. सगळ्यांना तो शुभशकुन वाटला, असं एलिनॉरनं लिहून ठेवलंय.

जुलैच्या शेवटी व्हेल पकडणाऱ्या जहाजांना ते दिसले. त्यानंतर काहीच नाही.

माझ्या कामात हा प्रश्न रोजचा आहे. दुसऱ्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, तर तो बंद पडलाय की नुसता हळू चाललाय, हे बाहेरून कळत नाही. म्हणून आपण टाइमआउट ठरवतो. अमुक सेकंद थांबायचं, मग सोडून द्यायचं. पण बाबांसाठी टाइमआउट किती ठेवायचा?

१८४८ पासून शोधमोहिमा निघाल्या. १८४९ मध्ये एलिनॉरचं लग्न झालं, तेव्हाही बाबा आहेत की नाहीत, ठाऊक नव्हतं. शेवटी नौदलानं आकडा ठरवला. ३१ मार्च १८५४ नंतर त्या सगळ्यांची नावं पटावरून काढायची. त्याच वर्षी जॉन रे यानं इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिगत आणली. माणसं उपासमारीनं मेली होती. फ्रँकलिनचं मानचिन्हही त्यानं बरोबर आणलं.

एलिनॉरनं मान्य केलं, बाबा गेले. सावत्र आई जेननं मात्र शोध सुरूच ठेवला, स्वतःच्या पैशानं जहाज पाठवलं. दोघींत मालमत्तेवरून आधीच वितुष्ट आलं होतं. बाबा जिवंत की मृत, हा प्रश्न आता कागदोपत्रीही होता.

१८५९ मध्ये जेनच्याच जहाजाच्या माणसांना किंग विल्यम बेटावर एक कागद सापडला. त्यावर मे १८४७ ची नोंद होती, सगळं ठीक आहे. त्याच कागदाच्या कडेनं एप्रिल १८४८ ची दुसरी नोंद होती. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, आणि उरलेले १०५ जण जहाजं सोडून पायी निघालेत.

हिशेब करा. एलिनॉरच्या लग्नाच्या वेळी बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. पहिली शोधमोहीम निघाली तेव्हाही ते नव्हते. तारखेनिशी बातमी तिच्यापर्यंत पोचायला बारा वर्षं लागली. पुढच्याच वर्षी, ३६ व्या वर्षी, तीही गेली.

जेनची जिद्द इतिहासानं डोक्यावर घेतली. त्या जिद्दीमुळेच तो कागद सापडला, हेही खरं. पण मला एलिनॉर जास्त जवळची वाटते. पुरावा समोर आल्यावर वाट बघणं थांबवायलाही हिंमत लागते. आणि ते थांबवलं की लोक म्हणतात, हिचं प्रेमच कमी!

तुमच्यापैकी कुणाचे बाबा मर्चंट नेव्हीत असतील, तर फोनवर निळी टिक न दिसलेला एखादा दिवस किती लांब असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. एलिनॉरचे तसे दिवस चार हजारांवर गेले.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज घरी एक फोन करा.