ढगांवरच्या रेघा : न दिसणाऱ्या थेंबांचे माप कसे निघाले?

१/ १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने 'टायरॉस-१' हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह सोडला. तो अवघे ७८ दिवस चालला. तरी ढगांचे विस्तीर्ण पट्टे वरून पाहण्याची सोय त्याने करून दिली. ढग कोठे आहेत हे त्या चित्रांतून कळे. त्यांतील थेंब केवढे आहेत, हे कळण्यास मात्र पुढची तीन दशके लागली.

२/ त्याची सुरुवात एका कोड्याने झाली. समुद्रावरील ढगांच्या उपग्रहचित्रांत लांबच लांब, अरुंद, उजळ रेघा दिसत होत्या. १९६६ मध्ये जॉन कॉनोव्हर यांनी त्यांचा संबंध जहाजांच्या धुराशी जोडला.

३/ धुराने ढग उजळतो कसा? ढगातील प्रत्येक थेंब हवेतल्या एखाद्या सूक्ष्म कणाभोवती तयार होतो. कण वाढले, की तेवढेच पाणी अधिक थेंबांत वाटले जाते. थेंबाची त्रिज्या निम्मी झाली, तर थेंब आठपट होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ दुप्पट होते. असा ढग अधिक सूर्यप्रकाश परतवतो.

४/ शॉन ट्वॉमी यांनी १९७४ मध्ये हा विचार मांडला. त्यातून एक गंभीर प्रश्न उभा राहिला : मानवनिर्मित तापमानवाढीचा काही भाग प्रदूषणानेच झाकून ठेवला असेल काय? उत्तरासाठी जगभरच्या ढगांतील थेंबांचे माप हवे होते. आणि ढगातील थेंबाची त्रिज्या साधारण १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग!

५/ वाट प्रकाशाने दाखवली. दृश्य प्रकाश पाणी जवळजवळ शोषत नाही. म्हणून त्याच्या परावर्तनावरून ढगाची प्रकाशीय जाडी कळते. काही अवरक्त किरण मात्र पाणी शोषते, आणि मोठे थेंब अधिक शोषतात. म्हणजेच अवरक्तात उजळ दिसणाऱ्या ढगातील थेंब लहान असतात. १९८७ मध्ये जेम्स कोकली व सहकाऱ्यांनी जहाजांच्या रेघा ३.७ मायक्रोमीटर तरंगलांबीला भोवतालच्या ढगांहून उजळ असल्याचे दाखवले.

६/ १९९० मध्ये तेरुयुकी नाकाजिमा आणि मायकेल किंग यांनी दोन तरंगलांबींची मोजमापे एकत्र आणून जाडी व थेंबांची त्रिज्या एकाच वेळी काढण्याची पद्धत मांडली. १८ डिसेंबर १९९९ रोजी 'टेरा' उपग्रहावरून 'मोडिस' हे उपकरण अवकाशात गेले आणि याच तत्त्वावर जगभरच्या ढगांचे मापन होऊ लागले.

७/ तरीही हे अनुमानच. झिजलेल्या नाण्यावरून त्याचा काळ ताडताना जी सावधगिरी लागते, तीच येथेही लागते. हे किरण प्रामुख्याने ढगाच्या वरच्या थराची साक्ष देतात, आणि तुटक ढगांत हिशेब चुकू शकतो. म्हणून विमाने प्रत्यक्ष ढगांत नेऊन पडताळणी करावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेल्या 'कायपीक्स' मोहिमेतही विमानांतून थेंब मोजले गेले.

८/ १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. हवा स्वच्छ झाली आणि समुद्रावरच्या त्या रेघाही विरळ झाल्या. त्यामुळे झाकलेली तापमानवाढ किती उघडी पडली, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. त्या वादातला एक प्रमुख पुरावा म्हणजे ढगातल्या थेंबाची त्रिज्या.