फियाटची खटखट

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात एकाच आवाजावर चर्चा चालू होती. शंभर फुटी रस्त्यावरून गाडी हळू चालली की पुढच्या डाव्या अंगाने खट्, खट्, खट्. वेग वाढवला की कमी. ब्रेकवर पाय ठेवून गतिरोधक ओलांडला की मात्र एकदाच, पण असा मोठा की शेजारी बसलेल्या वहिनी दचकून दाराचा कठडा धरत.

गाडी दादांची. १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला कुणी पद्मिनी म्हटलेले मला आठवत नाही. फियाटच. १९७७ साली पैसे भरून नंबर लावला होता आणि पाच वर्षांनी गाडी दारात आली, तोवर पुतण्या चालायला नाही तर शाळेत जायला लागला होता. दादांना जाऊन आता तीन वर्षे झाली. पुतण्या पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "काका, दोनदा खर्च झाला. या वेळी आवाज गेला नाही तर भंगारात देऊ." त्याचे चुकीचे होते असे नाही. पण वहिनी पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात त्या याच गाडीतून, आणि भंगार हा शब्द ऐकल्यावर त्या नुसत्याच आत निघून गेल्या.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. यंत्रातले मला शून्य कळते. पण आवाजामागे लागता लागता पुन्हा इतिहासातच येऊन पडलो, म्हणून हे लिहितो आहे.

आम्हा विश्रामबागकरांच्या कानावर 'वालचंद' हे नाव दिवसातून दहा वेळा पडते. वालचंदच्या दारात भेटू, वालचंदसमोर रिक्षा थांबवा. हे कॉलेज १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज या नावाने काढले. १९५५ साली त्याला वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. दादा तिथेच शिकले. परंतु ज्या माणसाच्या नावाचे कॉलेज, त्याच माणसाच्या कंपनीची आपली गाडी, हे आमच्या घरातल्या पोरांना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते!

वालचंद मूळचे सोलापूरचे, जन्म १८८२चा. जहाजे, साखर, विमाने असे सगळे करून पाहिले. मोटारीचा कारखाना हा त्यांचा जुना हट्ट, आणि त्यात विश्वेश्वरय्यांसारख्या माणसाचा पाठिंबा. इंग्रज सरकारने मात्र या कामाला हात दिला नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स निघाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर आली, तीही अमेरिकन क्रायस्लरच्या सुट्या भागांची. फियाटशी करार त्यानंतरचा. आता तारखा पाहा. ज्या ११०० मॉडेलवरून पुढे आपली पद्मिनी झाली ते फियाटने १९५३च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वालचंद वारले. ज्या गाडीने त्यांची कंपनी घराघरात पोचवली ती गाडी आपल्या रस्त्यावर त्यांनी पाहिलीच नाही.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. १९६४ला डिलाइट, १९७२ला प्रेसिडेंट, १९७४ला पद्मिनी. नावे बदलली, सांगाडा तोच. परवान्यांच्या राज्यात बदलण्याची गरजच कुणाला होती? गिऱ्हाईक रांगेत उभेच होते. असो.

तर मूळ मुद्दा पुढच्या चाकांचा. या गाडीत प्रत्येक पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. आर्म बॉडीकडे जिथे बसतो तिथे बुश, म्हणजे लोखंडी नळीत रबर आणि रबराच्या पोटात आणखी एक नळी. शिवाय किंगपिन, शॉकअप, आडवी दांडी, तिची रबरे. खटखटायला जागा भरपूर. त्यातून या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे आवाज एका ठिकाणी होतो आणि वाजते भलतेच. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली तिच्यात वरचा आर्म गेला, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळकांड्यात आले. आजची पोरे त्यावर शिकलेली. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी ऐकली आणि दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. दुसऱ्याने खालच्या आर्मचे बुश नवे घातले. आवाज गेला, आम्ही पेढे वाटले, आणि चार महिन्यांत खट् खट् परत.

मग कुणीतरी मिरजेच्या एका मिस्त्रींचे नाव सांगितले. (नाव लिहू नका म्हणाले, लिहीत नाही.) सत्तरीच्या आसपासचे. तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात होते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ फियाटच. २०२३च्या ३० ऑक्टोबरला मुंबईतल्या या टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या, त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे त्यांच्या मुलाने सांगितले.

त्यांनी आधी गाडी चालवलीच नाही. मला चालवायला लावून स्वतः डाव्या बाजूने पायी चालत आले. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवले, किंचित हलले. मला म्हणाले, "सर, ब्रेक दाबा." दाबला तर हलणे बंद. "बेअरिंग जरा ढिलं हाय, किंगपिन चांगली हाय." ब्रेक दाबल्यावरही हलले असते तर किंगपिन गेली असे समजायचे. हात आडवे धरून स्टिअरिंगच्या सांध्यांचीही परीक्षा झाली. मग जॅक काढून खालच्या आर्मखाली लावला, का तर स्प्रिंगचा दाब तसाच राहावा. चाक लोंबकळले की आवाज लपतो म्हणे. टॉमी घालून आर्म जरासा उचकला आणि आमचा खट् तिथेच ऐकू आला.

"बुश नवाच हाय की सर. पन लटकता आवळलाय."

याचा अर्थ मला दोनदा विचारावा लागला. बुशमधले रबर सरकत नाही, ते पिळते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबराला तीच जागा सरळ वाटते. गाडी जमिनीवर उतरली की वजनाने आर्म वर जातो आणि रबर पंचा पिळावा तसे कायमचे पिळलेले राहते. त्यावर प्रत्येक खड्डा आणखी पिळतो. चार महिने टिकले हेच पुष्कळ! बोल्ट आधी ढिला ठेवायचा, गाडी चारही चाकांवर उभी करायची, हलवून बसू द्यायची आणि मगच खाली सरपटत जाऊन आवळायचा. अंगाला ग्रीस लागते, वेळ जातो, म्हणून कुणी करत नाही.

नवे बुश कोल्हापूरच्या एका जुन्या दुकानात मिळाले, जोडी कशीबशी. मिस्त्रींनी पोते अंथरले, गाडीखाली शिरले आणि बाहेर येताना मुलाचा हात धरून उठले. मजुरी सांगितली ती ऐकून मला शरम वाटली, जास्त दिले.

दादांची एक वही गाडीच्या कप्प्यात असायची, प्रत्येक ऑइलबदल तारखेनिशी. तीन वर्षे कोरी होती. त्यात मी तारीख घातली आणि खाली लिहिले : खालच्या आर्मचे बुश, डावे-उजवे. बोल्ट वजनावर आवळणे. पुतण्याला पानाचा फोटो पाठवला. पौर्णिमेला वाडीला जाऊन आलो. वहिनी जाताना गप्प होत्या, येताना अंकलीच्या पुलावर म्हणाल्या, "भाऊजी, काच जरा खाली करा."